पूजेला बसवलेलं यंत्र

सुभेदारकाकांच्या हातातली पिशवी दुसऱ्या कुणी उचलल्याचं लहानपणापासून मी कधी पाहिलं नव्हतं. म्हैसूरच्या बसस्टँडवर ते उतरले की आम्ही भावंडं धावत जायचो आणि पिशवीच्या बंदाला हात घालायचो. ते शांतपणे पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "हात आहेत अल्लवा." अल्लवा म्हणजे 'नाही का'. आमच्या घरातल्या मराठीत कन्नड शब्द असे न विचारता येऊन बसतात. पुढे आम्ही मोठे झालो, आमचे हात त्यांच्या हातांपेक्षा दणकट झाले, तरी उत्तर तेच राहिलं.

लग्नाच्या पंगतीत तर त्यांच्यामुळे पंचाईत व्हायची. इकडे जेवण झालं की केळीचं पान दुमडायचं आणि उठायचं, पानं वाढपी उचलतात. काका स्वतःचं पान उचलून बाहेर टाकून यायचे. यजमान ओशाळायचे, वाढपी धावायचे, काकू डोक्यावर पदर घेऊन दुसरीकडे बघायच्या. "मी खाल्लं, मी उचललं. त्यात काय मोठं?" असं म्हणून ते हात धुवायला जायचे.

ते सुभेदार कधीच नव्हते. वडिलांचे हे धाकटे भाऊ, आयुष्यभर एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. आमच्या घराण्यातलं कुणीतरी जुन्या म्हैसूरच्या फौजेत होतं. त्या पूर्वजाची एक तलवार काकांच्या वाट्याला आली आणि तलवारीबरोबर गल्लीने दिलेलं हे नाव. तलवार इतकी जड होती की ती चालवणारा माणूस कसा असेल याचं आम्हाला कुतूहल वाटायचं. काका म्हणायचे, "चालवली असेल की नाही देव जाणे. सुम्ने, नुसताच धरून उभा राहिला असेल."

काकू गेल्या आणि मूलबाळ नव्हतं, तेव्हा काकांनी गल्लीतलं घर भावकीच्या हवाली केलं आणि कृष्णराजनगरच्या पुढे असलेल्या त्यांच्या तोटात, म्हणजे मळ्यात, राहायला गेले. चहूकडे भाताची शेतं, मध्ये उंचवट्यावर नारळ, फणसाची जुनी झाडं आणि त्यांच्या सावलीत एक खोली. विजेचे खांब कालव्याच्या अलीकडेच संपतात. कालव्यापलीकडे काका एकटेच. आम्ही सगळ्यांनी त्यांना विरोध केला. माझा पुण्यातला भाऊ विनू फोनवर ओरडला, माझी बायको सुधा रडली. काकांनी ऐकून घेतलं आणि स्वतःची पिशवी उचलून ते गेले.

तिथे त्यांचं सगळं छान चाललं होतं. विहिरीचं पाणी, तेलाचा दिवा, एक टॉर्च. साधा फोन बाजाराच्या दिवशी गावातल्या चहाच्या दुकानात लावला की आठवडाभर पुरायचा. अडचण होती ती कानाची. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. पूर्वीचं श्रवणयंत्र छोट्या गोळीसारख्या सेलवर चालायचं. ते मागासलेलं वाटून मी त्यांना नवं, चार्जिंगचं घेऊन दिलं. ज्या घरात वीज नाही त्या घरात मी चार्जिंगचं यंत्र दिलं आणि दिल्यावर कितीतरी दिवस मला त्यात काही चुकलंय असं वाटलंही नाही.

कालव्याच्या अलीकडे निंगप्पा नावाचा शेतकरी राहतो. काका एक दिवसाआड श्रवणयंत्राची डबी घेऊन त्याच्याकडे जायचे आणि दरवेळी एक नारळ न्यायचे. निंगप्पाची बायको म्हणायची, अहो, आमच्याकडे नारळ ठेवायला जागा नाही. पण रिकाम्या हाताने मागायला जाणं काकांना जमायचं नाही. त्या दिवसांत मी फोन केला तर ते मोठ्याने सांगायचे, "आता बोलू नको. माझा कान निंगप्पाच्या घरी आहे. संध्याकाळी आणतो, मग ओरड किती ओरडायचं ते." हळूहळू त्यांनी कान वाचवायला सुरुवात केली. एकटे असताना काढून ठेवायचे, कुणी येताना दिसलं की घालायचे.

एकदा ते म्हैसूरला, आमच्या हेब्बाळच्या घरी आले. सुधाने कॉफी दिली. कप खाली ठेवून ते म्हणाले, "इंजिनियरा, एक काम आहे."

काकांनी मला काम सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"उन्हावर चालणारं बारकं यंत्र मिळतं म्हणे. बॅटरी आतच असते. कान आणि एक दिवा, एवढं चाललं तर साकु, पुरे. एक बघून दे. हातात धरून नेता यायला पाहिजे."

"बघतो काका. पण बारकं कशाला? घ्यायचंच तर नीट घेऊ."

"नीट म्हणजे काय, मोठं काय?"

सुधा हसली. म्हणाली, "काका, त्यापेक्षा इथेच राहा ना. इथे भिंतीभर वीज आहे."

"अगं, तेच टाळायला तर यंत्र मागतोय," काका म्हणाले. "निंगप्पाच्या दारात सारखं जाणं बरं दिसत नाही. हे एवढं जमलं की मला कुणाची गरज नाही. नाहीतर मग आहेच, तुमच्या भिंतीला टेकून बसायचं."

त्यांना काय हवंय ते इतकं स्वच्छ त्यांनी सांगितलं होतं. मी ते ऐकलं, आणि माझ्या डोक्यात मात्र दुसरंच सुरू झालं.

मी कारखान्यात विजेचंच काम बघतो. कुणी मला पंपाला मोटर किती मोठी लावायची असं विचारलं तर मी आधी लोड विचारतो. काय चालवायचं, किती वेळ, एकदम किती. काकांनी मला लोड सांगितलं होतं: एक कान, एक दिवा. मी त्यात पंखा घातला, कारण उन्हाळ्यात आम्ही तिथे जातो तेव्हा मुलांना उकडतं. मिक्सर घातला, कारण सुधाला चटणी करता यावी. लॅपटॉप घातला, कारण रविवारी मला कधीकधी काम असतं. असं करत करत काकांच्या यंत्रात काका सोडून सगळे आले. जेवणाच्या सुट्टीत मी सहकाऱ्यांना बॅटरीचे प्रकार समजावून सांगायचो. कुठली जास्त वर्षं टिकते, मोटर सुरू होताना किती झटका घेते, पॅनेल किती वॉटचं हवं. लोक ऐकायचे. मला बरं वाटायचं.

दुकानदाराने आधी जे दाखवलं ते जेवणाच्या डब्याएवढं होतं. म्हणाला, सर, दिवा आणि बारीकसारीक चार्जिंगला हे पुष्कळ आहे. मी हसलो. त्याच्या शेजारचं मोठं मी निवडलं. त्यावर 'पोर्टेबल' लिहिलं होतं आणि वर मजबूत मूठ होती. मी ते उचलून बघितलं. उचललं गेलं. मी उचलून बघितलं, हे आज लिहितानाही माझा हात अडतो. पन्नाशीच्या आतल्या माणसाने, दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर, एकदा.

गणपतीनंतरच्या रविवारी मी ते गाडीतून तोटात नेलं. खोली फणसांच्या सावलीत आणि ऊन पडतं ते पुढच्या खळ्यावर. म्हणून मी पॅनेल खळ्यावर उलगडलं. त्याची वायर आखूड होती, तेव्हा यंत्रही उचलून खळ्यावर नेलं आणि ऊन लागू नये म्हणून पत्र्याच्या आडोशाला ठेवलं. चार्ज झालं की आत आणायचं, बाहेर ठेवायचं नाही, पाऊस आहे, माकडं आहेत. मोठं यंत्र चालू असलं की स्वतःही थोडी वीज खातं, म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी उन्हात न्यायचं. हे सगळं मी समजावून सांगितलं. काका त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मुठीला हात घातला, किंचित उचललं, परत खाली ठेवलं.

"छान आहे," ते म्हणाले. "भारदस्त आहे."

मी खूश झालो. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. विनूने लगेच लिहिलं की दादाने काकांच्या घरी वीजमंडळच नेऊन बसवलं. त्याखाली अंगठे आले.

त्यानंतर फोनवर मी विचारायचो, "यंत्र कसं आहे?"

"मजेत."

"त्रास नाही ना काही?"

"मजेत."

"जेवलात का?"

"मजेत."

आम्ही घरी यावर हसायचो. काका आता कशालाही मजेत म्हणतात, चांगलंच मानवलंय त्यांना, असं सुधाला मी सांगितलं. त्यांना माझा एकही शब्द ऐकू येत नव्हता. फोन आला म्हणजे मी काय विचारत असणार याचा अंदाज करून ते माझ्या मनासारखं उत्तर देत होते.

दसऱ्यात आयुधपूजेला मी तोटात गेलो. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला, अवजाराला, गाडीला, ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्याला हळदकुंकू लागतं. पूजेला बसवलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, विजयादशमीला ती उठवायची, मग कामाला घ्यायची. निंगप्पाने ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालून चाकाखाली लिंबं ठेवली होती. काकांच्या खोलीत पाटावर तलवार होती आणि शेजारी माझं यंत्र. त्याला कुंकवाचा ठसठशीत टिळा, मुठीला फुलं. मला भरून आलं. त्या दिवशी काकांच्या कानात यंत्र होतं. ते निंगप्पाला दाखवत म्हणाले, "बघ, आमची दोन आयुधं."

मी विनोद केला, "काका, तलवारीला मान दिलात तेवढा माझ्या यंत्राला दिलात."

"द्यावाच लागतो," काका म्हणाले. "जे आपल्याला उचलवत नाही त्याला आपण कुंकू लावतो रे."

निंगप्पा जमिनीकडे बघत राहिला. मी तलवारीकडे बघून हसलो.

संक्रांत झाली आणि तिळगूळ घेऊन मी पुन्हा गेलो. काका झाडाखाली सुपारी कातरत बसले होते. मी अगदी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांना कळलं. गडबडीने आत जाऊन त्यांनी कान घातला, कानाशी चाचपडलं, आणि काढून ठेवला. मी त्यांच्यामागे आत गेलो. यंत्र दसऱ्याच्या पाटावरच होतं. फुलं वाळून तपकिरी झाली होती, कुंकू तसंच.

मी खुणेने विचारलं, हे काय.

"पूजेला बसवलंय," ते म्हणाले. "अजून उठवलं नाही." आणि माझ्याकडे न बघता तिळगुळाचा डबा शिंकाळ्यात ठेवायला वळले.

परत निघालो तेव्हा कालव्याच्या पुलावर निंगप्पा भेटला. मी गाडी थांबवली. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "सार, रागावू नका. ते मोठं पडलं त्यांना. सुरुवातीला मी जाऊन उचलून द्यायचो. बाहेर ठेवायचं, संध्याकाळी आत. एकदा मला यायला उशीर झाला तर हे दारात तसेच बसलेले, माझी वाट बघत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, निंगप्पा, उद्यापासून येऊ नको, पूजेला बसवणार आहे."

"मग कान तुमच्याकडे लावतात का?"

"आमच्याकडे कसे येतील? माझी बायकोच एकदा गमतीने म्हणाली, तुमच्याकडे आमच्यापेक्षा मोठी वीज आली, आता आमच्या दारात कशाला याल? त्यांनी ते मनाला लावून घेतलं. ती बिचारी अजून स्वतःला दोष देतीय."

म्हणजे मी त्यांना वीज दिली नव्हतीच. होती ती वाट बंद करून आलो होतो. तीन महिने ते माणूस त्या फणसाखाली जवळजवळ बहिरं राहिलं, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर मला वाईट वाटलं असतं.

माझी चूक काय ते मला पुलावर कळलं. उपाय साधा होता. तसाच मागे वळून यंत्र गाडीत घालायचं, ते डब्याएवढं आणून द्यायचं, आणि म्हणायचं, काका, चुकलो. तेवढंही नसेल तर निदान लांब वायर. पॅनेल उन्हात, यंत्र घरात, उचलायचा प्रश्नच नाही. विजेचं काम करणाऱ्या माणसाला ही वायर त्या दिवसापर्यंत सुचली नव्हती. पण मी मागे वळलो नाही. परत केलं तर विनू विचारणार, सुधा विचारणार. ग्रुपवरचा तो फोटो, ते अंगठे. पुढच्या महिन्यात बघू, असं ठरवून मी घरी आलो आणि सुधाला म्हणालो, काका मजेत आहेत. आधीची चूक अजाणता झाली होती. ही मी जाणून केली. या लिखाणात मला लाज आहे ती जास्त करून हिची आहे.

शिवरात्रीच्या सुमाराला विनू पुण्याहून आला. मी काकांना फोन केला आणि ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितलं, रविवारी विनू येतोय, मीही येतोय. यंत्राचं मी काहीच बोललो नाही. पण विनू येणार एवढं त्यांना कळलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा काका खळ्याच्या कडेला दगडावर बसले होते. समोर पॅनेल उलगडलेलं, पत्र्याच्या आडोशाला यंत्र, त्यावरचे हिरवे आकडे चमकत होते. कुंकू पुसून ते लख्ख केलं होतं. विनू गाडीतूनच म्हणाला, "वा काका, जोरात आहे की." काकांनी कानाला हात लावून दाखवला. कानात यंत्र होतं.

"बघ," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चालतंय."

ते हसत होते. मग विनू पाया पडायला वाकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काकांनी उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. पुन्हा केला. कपाळावर घाम आला. पहाटे त्यांनी ते पाटावरून उचललं होतं, उंबऱ्यावर एकदा टेकवलं होतं आणि खळ्यापर्यंत नेलं होतं. ठेवताना पाठीत काहीतरी झालं. तेव्हापासून ते त्या दगडावर बसून होते. पण पॅनेल बरोबर उन्हाकडे फिरवलेलं होतं, मी शिकवलं होतं तसं.

डॉक्टरांनी मणका दबल्याचं सांगितलं. सहा आठवडे पडून राहायचं, पुढे कधी वजन उचलायचं नाही, एकटं राहायचं नाही. काका आमच्या घरी आले. विनूने मला काही विचारलं नाही. निंगप्पाने त्याला सगळं सांगितलं असावं.

मग मी ते बारकं यंत्र आणलं. काका तोवर घरात हिंडायला-फिरायला लागले होते. मी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "काका, माझं चुकलं. मला संक्रांतीला कळलं होतं. मी गप्प बसलो."

त्यांनी एका हाताने ते उचललं. खिडकीपर्यंत नेलं, खिडकीत ठेवलं, परत उचलून माझ्याकडे आणलं.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "हेच म्हणत होतो मी."

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू एवढ्या हौसेने आणलंस." ते म्हणाले, "आणि मलाही सांगायचं नव्हतं रे. उचलवत नाही हे कुणाला सांगायचं?"

मला क्षमा करण्यासाठी ते असं बोलले असतील. मी ती क्षमा घ्यावी की नाही हे अजून मला ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते यंत्र निंगप्पाला पाठवायला लावलं, शेतावर राखणीला उपयोगी पडेल म्हणून. "इथे भिंतीत आहे की वीज," ते म्हणाले, आणि कानाची डबी त्यांच्या पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये लावली. वर्षभर ती तिथे होती. गेल्या पावसाळ्यात काका गेले. मोठं यंत्र माझ्या घरी आहे. वीज गेली की घरातले ते लावा म्हणतात. मी उचलून आणतो. दरवेळी ते जड लागतं.

एक सांगायचं राहिलं. राहिलं असं नाही, मी मागे ठेवलं.

दवाखान्यातून त्यांना घरी आणण्याआधी त्यांचं सामान घ्यायला आम्ही तोटात थांबलो होतो. काका हट्टाने सोबत आले होते. विनू तलवार गुंडाळून गाडीत ठेवत होता. काका खोलीतून बाहेर आले, कमरेला पट्टा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ती जुनी पिशवी. पायरीशी मी पुढे झालो आणि लहानपणापासूनच्या सवयीने बंदाला हात घातला. मला उत्तर माहीत होतं. खरं तर ते ऐकायला मिळावं म्हणूनच मी हात घातला.

काका थांबले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग खळ्याकडे. एकेक करून बोटं सोडली.

पिशवीत एक धोतर होतं, कानाची डबी होती आणि काकूंचा फोटो. तिला वजन असं काही नव्हतंच.